पाटावर बसवलेलं मशीन

२७ सप्टेंबर, शनिवार

तनुजाचं मशीन आज गेलं. दुकान उघडल्यापासून दुरुस्त केलेली यंत्रं पुष्कळ झाली, पण पहिल्या स्क्रूपासून मीच जोडलेलं हे पहिलं. डबा, मदरबोर्ड, मेमरी, ग्राफिक्स कार्ड, वीजपुरवठ्याचं युनिट, सगळं मी निवडलं. तारा डब्याच्या पाठीमागून नेऊन बांधल्या. आत बघितलं तर एकही तार लोंबत नाही.

न्यायला तनुजाचे वडील काकासाहेब आले होते. चितेगावला पैठण रस्त्यावर त्यांचा गाड्या तोलायचा वजनकाटा आहे, शेती आहे. औरंगपुऱ्यात जीप लावायला जागा मिळेना म्हणून चिडूनच जिना चढले. खेळायला एवढं मोठं मशीन कामून लागतं, हे त्यांनी तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारलं. तनुजा एकोणीस वर्षांची आहे, इथल्या कॉलेजात बी.एस्सी.ला. पाच गावांतल्या पाच मुलींचा त्यांचा संघ आहे. आपापल्या घरी बसून नेटवर एकत्र खेळतात. बारा ऑक्टोबरला त्यांचा निवडीचा सामना आहे. जिंकला तर पुण्याच्या राज्य स्पर्धेत जागा.

"गॅरंटी कुणाची?" काकासाहेबांनी विचारलं.

भागांची त्या त्या कंपनीची, जोडणीची माझी, असं मी सांगितलं.

"आन् कंपनी पळून गेली तर?"

"मी इथंच आहे."

ते म्हणाले, भाजीमंडईत एका गृहस्थांनी तुमचं नाव सांगितलं, नाहीतर मी पोरीला घेऊन पुण्यालाच निघालो होतो. खालच्या स्टेशनरीवाल्यांनी सांगितलं असणार. त्यांचे आभार मानायला हवेत.

दुपारी माझे बाबा समोरच्या औषधाच्या दुकानापाशी उभे दिसले. हातात भाजीची निळी पिशवी. माझ्या पाटीकडे बघून लगेच मान वळवली. आमच्या गल्लीत रोज सकाळी दारात भाजीची गाडी येते, तरी हल्ली ते मंडईपर्यंत चालत येतात. जूनमध्ये मी वाळूजच्या कारखान्यातली नोकरी सोडली तेव्हा एकदाच म्हणाले होते, आपल्या घराण्यात पोथी झाली, कारकुनी झाली, दुकान कुणी टाकलं नाही. त्यानंतर विषय नाही. दुकान बंद पडलं का, ते बघायला येत असावेत.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. आईनं डब्याबरोबर हळदकुंकवाची पुडी आणि झेंडूची फुलं दिली. कारखान्यात असताना यंत्रांची पूजा दुसरं कुणीतरी करायचं, मी पेढा घ्यायचे. आज दुकान माझं असल्यामुळे जबाबदारीही माझी. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठींना कुंकू लावलं. मल्टिमीटरच्या डबीवर फूल ठेवलं. सोल्डरिंगच्या बंदुकीजवळ काही ठेवलं नाही, ती तापते.

तनुजानं फोटो पाठवला. त्यांच्या घरी मशीन ओसरीतल्या खोलीत पाटावर बसवलंय, वर माळ, समोर नारळ. खाली काहीतरी रंगीत कापडाचा काठ दिसतो. तिची आजी लक्ष्मीबाई शेजारी हात जोडून बसली आहे. सोबत तनुजानं लिहिलं होतं: "पप्पा म्हणाले कॉम्प्युटरची कशाला पूजा. आजी म्हणाली, हे पोरीचं औत हाय."

मी उत्तर पाठवलं: समोरच्या जाळीवर फुलं येऊ देऊ नका, तिथून हवा आत जाते.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

तनुजाचा फोन. खेळता खेळता मशीन बंद पडलं. पडद्यावर चूक नाही, आवाज नाही, एकदम अंधार. बटण दाबलं तर चालू होईना. थोड्या वेळानं झालं. पुन्हा खेळायला बसली, अर्ध्या तासानं पुन्हा तेच. अभ्यासाला किंवा गाण्यांना दिवसभर चालतं, फक्त खेळताना बंद पडतं.

खेळताना बंद पडतं याचा अर्थ दोनपैकी एक: उष्णता किंवा वीज. प्रोसेसरचं आणि ग्राफिक्स कार्डचं तापमान लिहून पाठवायला सांगितलं. दोन्ही अगदी हवं तिथं. आकडे पाहून बरं वाटायला हवं होतं, वाटलं नाही. उष्णता नसेल तर वीज. आणि तारा मी जोडल्या आहेत.

४ ऑक्टोबर, शनिवार

काकासाहेब मशीन घेऊन आले. डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "आठ दिवस नाय झाले मॅडम." एवढंच. मी म्हटलं, बघते.

डब्यावर कुंकवाची बोटं उमटली होती. स्पिरिट लावलेल्या कापडानं पुसून काढली. रबरी पायाला अक्षता चिकटलेल्या, तळाच्या जाळीत एक लाल धागा अडकलेला. काढून टाकला. एकूण एक जोड उपसून परत बसवला. प्रोसेसरवरचा, उष्णता वाहून नेणारा लेप नवा लावला. मेमरी तपासली. मग मशीनवर येईल तेवढा ताण एकदम टाकणारा प्रोग्राम लावून दिला आणि दुपारभर बघत बसले.

काही झालं नाही. पंखे घोंघावत राहिले, मागून गरम हवेचा झोत माझ्या कागदांना हलवत राहिला. दुकान बंद करेपर्यंत मशीन एकदाही डगमगलं नाही.

न सापडलेला दोष हा सापडलेल्या दोषापेक्षा वाईट. मी तो दुरुस्त केला की तो स्वतःहून लपला, हे मला माहीत नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

मशीन सकाळी चितेगावला परत गेलं. दुपारी पुन्हा बंद.

या वेळी फोनवर काकासाहेब होते. आवाज चढवला नाही, ते जास्त अवघड गेलं. म्हणाले, पुढच्या रविवारी सामना आहे. संघातली एक गळाली तर चौघींना खेळावं लागतं, आणि तसं खेळून कुणी जिंकत नाही, हे पोरीनं मला समजावलंय. "तर ऐका मॅडम. रविवारी हे बंद पडलं तर सोमवारी मशीन तुमच्या टेबलावर, आन् पोरगी काट्यावर. गाड्या मोजायला मला माणूस पायजेच हाय."

मागे तनुजाचा आवाज आला, "पप्पा, त्यांना कशाला." मग लक्ष्मीबाईंचा, "पोरीला घाबरवू नको. आन् त्या पोरीला बी."

त्या पोरीला म्हणजे मला. मी घाबरलेली नाही. माझ्याजवळ आता सात दिवस आहेत आणि एकच प्रश्न आहे.

६ ऑक्टोबर, सोमवार

काकासाहेब मशीन पुन्हा घेऊन आले. वीजपुरवठ्याचं युनिट बदललं. दुकानातलं नवंकोरं, वेगळ्या कंपनीचं, जास्त ताकदीचं घातलं. जुनं मी टेबलावर वेगळं चालवून पाहिलं, त्यात दोष नाही. तरी बदललं. काकासाहेबांना तसं सांगितलं. ते म्हणाले, दोष नाय तर बदललं कामून? मी म्हटलं, खात्रीसाठी. हे उत्तर मलाच पटलेलं नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

नवं युनिट घालूनही तेच. खेळायला बसली, अर्ध्या तासात अंधार.

आता यंत्र निर्दोष मानायला हरकत नाही. टेबलावर चालतं, तिथं बंद पडतं. मग दोष तिथला. तनुजाला फोनवर एकेक विचारलं. मशीन भिंतीला टेकलंय का? नाही, हातभर लांब आहे. सतरंजीवर ठेवलंय का? नाही, पाटावर. ऊन येतं का? नाही. त्याच बोर्डावर आणखी काय आहे? फ्रीज आणि पाण्याची मोटर. मोटर म्हटल्यावर मी उठून बसले. मोटर चालू होताना व्होल्टेज कोसळतं. तिथल्या इलेक्ट्रिशियनला बोलवा, बोर्ड वेगळा करा, अर्थिंग तपासा, असं सांगितलं.

काकासाहेब म्हणाले, "तुमच्या दुकानात चालतं आन् आमच्या घरात नाय. म्हंजे आमचं घर वाईट व्हय?"

तसं नाही, असं मी म्हणाले. म्हणायचं मात्र तसंच होतं.

तनुजानं हळूच विचारलं, ताई तुम्हीच या ना एकदा. मी नाही म्हटलं. गिऱ्हाइकाच्या घरी जायचं नाही, हा नियम आहे. घरी गेलं की चहा येतो आणि चहामागून प्रश्न येतात. कुठल्या, घरी कोण, चांगली नोकरी का सोडली, लग्नाचं काय. टेबलावरच्या यंत्राला असले प्रश्न पडत नाहीत.

८ ऑक्टोबर, बुधवार

सापडलं.

इलेक्ट्रिशियननं बोर्ड उघडला तर अर्थिंगची तार नुसतीच आत खुपसलेली, कशालाच जोडलेली नाही. त्यानं ती नीट केली, मशीनला वेगळी लाइन दिली. कामाला जागा हवी म्हणून मशीन उतरवून जमिनीवर ठेवलं होतं, तिथंच लावून तनुजानं खेळून पाहिलं. संध्याकाळभर खेळली. बंद पडलं नाही. तिनं मला फोन करून नुसताच खेळाचा आवाज ऐकवला. गोळ्यांचा कडकडाट आणि मध्येच पाच मुलींचं एकमेकींना शिव्या घालणं. इतका चांगला आवाज मी या महिन्यात ऐकला नव्हता.

निष्कर्ष: दोष घराच्या वायरिंगचा होता. जोडणी निर्दोष.

झोपण्याआधी तनुजाचा निरोप: "आजीनं मशीन परत जागेवर बसवून घेतलं. उद्यापासून जोरात सराव. थँक्यू ताई!"

जेवताना मला भूक लागली होती. आईनं दोनदा वाढलं. बाबांनी वर्तमानपत्राआडून विचारलं, "पैठण रस्ता सध्या कसा आहे?" मला माहीत नाही, म्हटलं. त्यांना पैठणला कशाला जायचंय कोण जाणे.

९ ऑक्टोबर, गुरुवार

पुन्हा बंद पडलं.

आज जास्त लिहिणार नाही. कालचं पान फाडावंसं वाटलं, फाडलं नाही. निष्कर्ष चुकला तरी नोंद राहिली पाहिजे.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

सगळं पहिल्यापासून मांडलं. टेबलावर चालतं. घरी बंद पडतं. घरी एकदाच चाललं, परवा संध्याकाळी. परवा संध्याकाळी आणि काल दुपारी यांत काय वेगळं होतं? लाइन तीच. अर्थिंग तेच. खेळ तोच. कालपेक्षा परवा हवा थंड होती, पण एवढी नाही.

मला उत्तर आलं नाही. चार महिन्यांत पहिल्यांदा वाटलं की वाळूजला परत जावं. तिथं यंत्र बिघडलं तर त्याच्यामागं सात जणांची नावं असायची. इथं माझं एकटीचं आहे. तनुजा काट्यावर बसली तर तेही माझ्या नावावर.

जेवताना आई मला काही विचारत होती, माझं लक्ष नव्हतं. बाबा आईला म्हणाले, "अनसूया, आमच्या कार्यालयात कागदावर सगळे रस्ते सरळ असायचे. साहेब जागेवर जाऊन आले की मग त्यातली वळणं कळायची." आई म्हणाली, "बरं." थोड्या वेळानं ते पुन्हा म्हणाले, "जागेवर जाण्यात कमीपणा नसतो."

आईला रस्त्यांशी काय करायचंय, मला कळलं नाही. पण वाक्य डोक्यात राहिलं. उद्या चितेगावला जाते आहे. नियम मीच केलेला आहे, मीच मोडू शकते.

११ ऑक्टोबर, शनिवार

क्रमानं लिहिते.

सकाळी दुकानाला कुलूप लावून स्कूटीवर निघाले. मीटर, हत्यारं, एक जादा पंखा घेतला. काकासाहेब काट्यावरच होते. मला बघून उठले आणि पुढं मोटरसायकलवर घराकडे निघाले. मी मागोमाग.

चहा आला. प्रश्नही आले, पण माझ्या अंदाजाचे नव्हते. लक्ष्मीबाईंनी विचारलं, जेवलीस का. मग विचारलं, एवढ्या लांब एकटी गाडी चालवत आलीस? मी होय म्हटलं, तर मुलाकडे वळून म्हणाल्या, "बघ. आन् तू आपल्या पोरीला पैठण गेटापर्यंत सोडायला जातोस."

"माय, तू मधी बोलू नको," काकासाहेब म्हणाले.

"मंग कुठं बोलू? कडंला?"

मशीन खोलीच्या कोपऱ्यात पाटावर होतं. समोर टेबल, त्यामुळे त्याचा खालचा भाग दिसत नव्हता. वाळलेली माळ अजून वर होती, मात्र समोरची जाळी मोकळी. तनुजानं माझी सूचना नीट पाळलेली. मी तिला खेळायला बसवलं आणि मीटर बोर्डाला लावला. व्होल्टेज स्थिर. मोटर चालू करायला लावली, तरी स्थिर. पडद्यावर तापमानाचे आकडे योग्य. तोपर्यंत मी या खोलीत असण्याचं काही कारण नव्हतं.

मग मी डब्याच्या मागं गेले. दुकानात मागून येणाऱ्या झोतानं माझे कागद हलत होते, ते आठवलं. डब्याच्या मागं वरून पंख्याची हवा येत होती. खाली, जिथं वीजपुरवठ्याचं युनिट आहे, तिथं हात धरला. हवाच नाही. वहीच्या कागदाची पट्टी फाडून जाळीसमोर धरली. पट्टी सरळ लोंबत राहिली. पत्र्याला बोट लावलं आणि उचललं. चटका बसला.

या युनिटचं तापमान पडद्यावर दिसत नाही. त्याला मोजणारं कुणी नसतं. ते फक्त स्वतःला मोजतं आणि फार तापलं की स्वतःला बंद करून घेतं. हवा ते तळातून ओढतं.

तळातून.

मी टेबलाखाली फरशीवर आडवी झाले. पाटावर मशीन नव्हतं. पाटावर गोधडी होती, चौघडी करून नीट बसवलेली, लाल-निळ्या तुकड्यांची, आणि गोधडीवर मशीन. रबरी पाय तिच्यात पूर्ण रुतलेले. पंख्यानं कापड तळाच्या जाळीला ओढून धरलं होतं, वाटीला झाकण बसावं तसं.

सतरंजीवर आहे का, असं मी विचारलं होतं. तनुजानं पाटावर आहे, असं सांगितलं होतं. दोघीही बरोबर होतो.

खालूनच सगळं जुळत गेलं. दुकानात गोधडी नव्हती. बुधवारी संध्याकाळी जमिनीवर गोधडी नव्हती. अक्षता, लाल धागा. लाल धागा मी माझ्या हातानं काढून कचऱ्यात टाकला होता.

बाहेर येऊन मी उभी राहिले. सगळे माझ्याकडे बघत होते. दोषाचं कारण सांगणं हे माझं काम आहे. पण ती गोधडी कुणी शिवली हे विचारायची गरज नव्हती, आणि या घरात तनुजाच्या बाजूनं बोलणारं माणूस एकच आहे हे मी गेल्या तासाभरात पाहिलं होतं. म्हणून मी काकासाहेबांना काही सांगितलं नाही. लक्ष्मीबाईंना म्हटलं, "आजी, जरा इकडं या. हात धरा इथं."

त्यांनी हात धरला आणि झटकन मागं घेतला. मग वाकून पाटाकडे पाहिलं. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही.

"आगं माय," त्या म्हणाल्या. "दम कोंडायला याचा."

"हो."

"पूजा केलेली वस्तू उघड्या पाटावर कशी ठेवायची, म्हून घातली. बैलाला झूल नसते का आपण घालत?"

"झूल पाठीवर असते आजी. ही नाकावर होती."

तनुजा हसली, आणि लगेच गप्प झाली, कारण काकासाहेबांच्या ध्यानात आलं होतं. मशीन उचलून धरून त्यांनी खाली पाहिलं. "म्हंजे आठ दिवस मी जीपमधी नाचलो, घराची वायर उपटली, ह्या मॅडमला बोल लावले, आन् गळा दाबला व्हता माझ्या मायनं?"

"तुझा बी दाबायचा व्हता ल्हानपणी," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "ऱ्हाऊन गेला."

मी म्हटलं, आजींची चूक नाही. पाटावर काय आहे, हे मी विचारायला हवं होतं. आणि अर्थिंग खरंच तुटलेलं होतं, ते जोडून झालं हे चांगलंच. काकासाहेबांच्या घराला मी मनातून वाईट म्हटलं होतं, हे त्यांनाही माहीत होतं.

आता मशीन ठेवायचं कशावर? मी फरशीवर ठेवा म्हटलं. लक्ष्मीबाई ऐकेनात. ज्याला नारळ फोडला ते जमिनीवर ठेवणार नाही. पाटावर नुसतं ठेवलं तरी चालेल, म्हटलं. तेवढ्यात त्या आत गेल्या आणि मुलाला हाक मारून न्हाणीघराबाहेरची घडवंची आणायला लावली. घागरी ठेवायची जुनी लाकडी, चार पाय, वर नुसत्या पट्ट्या, खालून सगळी उघडी. नळ आल्यापासून तिच्यावर बादल्या पालथ्या घातलेल्या असतात.

"घागरीला खालून वारं लागतं, तवा पाणी गार ऱ्हातं," त्या म्हणाल्या. "ह्याला चालंल का?"

मी पट्ट्यांमधलं अंतर मोजलं, मशीनचे पाय मापले, घडवंची हलवून पाहिली. माझ्या दुकानात यापेक्षा चांगली सोय नाही. तसं मी त्यांना सांगितलं.

मशीन घडवंचीवर बसलं. मागच्या जाळीसमोर कागदाची पट्टी धरली. ती आडवी होऊन फडफडायला लागली. तनुजा खेळायला बसली ती उन्हं कलेपर्यंत खेळली. मध्ये काकासाहेब दोनदा काट्यावरून येऊन गेले. दुसऱ्या वेळी म्हणाले, "उद्या या. सामन्याला." मॅडम म्हणाले नाहीत.

१२ ऑक्टोबर, रविवार

गेले. यंत्राच्या निरीक्षणासाठी.

तेरा फेऱ्या आधी जिंकेल तो संघ. समोर नाशिकच्या मुली होत्या. पहिल्या पाच फेऱ्या तनुजाचा संघ हरला. तनुजाचे खांदे कानाला लागले होते. खेळातलं मला फार कळत नाही, म्हणून मी मागची हवा बघत होते. थोड्या वेळानं काकासाहेब माझ्याजवळ येऊन उभे राहिले. त्यांनाही खेळातलं कळत नाही. माझ्या हातातली कागदाची पट्टी त्यांनी मागून घेतली आणि घडवंचीमागं उकिडवं बसून ती जाळीसमोर धरली.

"चालायलंय," म्हणाले.

अर्धा तास उलटला, जिथं ते नेहमी बंद पडायचं. तनुजाची नजर पडद्यावर होती, पण तिचाही एक कान मागं होता, हे तिच्या मानेवरून कळत होतं.

"चालायलंय," काकासाहेब पुन्हा म्हणाले, आणि पोरीचे खांदे खाली आले.

त्यानंतर ती दुसरीच कुणी झाली. आवाज बदलला. चौघींना ती सांगत होती, तू डावीकडून, तू थांब, मी येते. बीडची एक मुलगी कानातल्या फोनमधून इतक्या मोठ्यानं ओरडत होती की ते मला ऐकू येत होतं. सहा, सात, नऊ. अकराला बरोबरी. बाराव्या विजयासाठीच्या फेरीत तनुजा संघातली एकटी उरली होती आणि समोर दोघी होत्या. मी हवा बघणं सोडून पडद्याकडे बघितलं. तिनं एकीला दारात गाठलं. दुसरीसाठी थांबली. इतका वेळ थांबली की लक्ष्मीबाईंनी विचारलं, पुन्हा बंद पडलं का.

"नाय आजी," तनुजा पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली, "थांबायलेय."

मग ती फेरी जिंकली. त्यानंतरची शेवटची तर त्यांनी समोरच्यांना श्वासही घेऊ न देता घेतली.

तेरा-अकरा. पुण्याला जाणार.

काकासाहेब घडवंचीमागून उठले नाहीत. पट्टी तशीच धरून म्हणाले, "मला कुणी सांगा तरी काय झालं." सांगितल्यावरही ते बसूनच राहिले. लक्ष्मीबाईंनी आधी मशीनला हळदकुंकू लावलं, मग तनुजाला, मग मला. मी मागं सरकले नाही. पट्टी काकासाहेबांनी खिशात ठेवली. पुण्याला मशीन नेताना लागेल, म्हणाले. म्हणजे ते स्वतः जाणार आहेत. काट्याचा विषय निघाला नाही.

निघताना लक्ष्मीबाईंनी ती गोधडी माझ्या स्कूटीवर बांधली. नको म्हटलं. त्या म्हणाल्या, "यंत्राला नाय सोसली. माणसाला सोसती."

१४ ऑक्टोबर, मंगळवार

तनुजाच्या संघातल्या तिघींना माझ्याकडून मशीन जोडून हवंय. चौथीचं आहे ते तपासून हवंय. मी एकच अट घातली: मशीन कुठं ठेवणार आहात, ती जागा मी स्वतः येऊन बघणार. नियमांच्या यादीतला जुना नियम खोडून तिथं हा लिहिला.

काकासाहेब दुपारी पेढे घेऊन आले. बसले, चहा घेतला. मी विचारलं, मंडईत माझं नाव कुणी सांगितलं होतं, स्टेशनरीवाल्यांनी तर नाही म्हणून सांगितलं. त्यांनी वर्णन केलं. उंच, सडपातळ, धुवट पांढरा सदरा, निळी पिशवी. पुण्याच्या दुकानांबद्दल काकासाहेब बोलत होते, ते ऐकून ते गृहस्थ आपणहून थांबले. म्हणाले, "इथं जिन्यावर एक मुलगी आहे. तिनं जोडलेलं उसवत नाही." काकासाहेब पुढं म्हणाले, "मी विचारलं, तुमच्या नात्यातली का. तर म्हणले, नाही, मी नुसतं ऐकलंय."

असे सदरे शहरात पुष्कळ जण घालतात. पिशव्याही निळ्याच मिळतात.

काकासाहेब गेल्यावर मी ताणाचा प्रोग्राम लावून दुसऱ्या एका मशीनसमोर बसले होते. सहाच्या सुमाराला खाली बघितलं. बाबा औषधाच्या दुकानापाशी उभे होते, पाटीकडे बघत. मी खिडकी उघडली आणि म्हटलं, "बाबा, वर या."

ते इकडेतिकडे बघून जिना चढून आले. दारातच थांबले. म्हणाले, भाजी घ्यायला आलो होतो. मी गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर गोधडी घातली, चौघडी करून, आणि बसा म्हटलं. ते बसले. टेबलावरच्या उघड्या मशीनकडे बराच वेळ बघत राहिले, तारांकडे, पाठीमागून नेऊन बांधलेल्या.

"एकही लोंबत नाही," ते म्हणाले.

मी पेढा दिला. त्यांनी तो घेण्यासाठी पिशवी मांडीवर ठेवली. ती रिकामी होती, आणि घरून येताना मंडई माझ्या दुकानाच्या आधी लागते.